दरडोई डाळ

पूर्वी सातारा जिल्ह्यात पोराला गावाबाहेर शिकायला धाडायचं म्हटलं की घरात दोन प्रश्न उभे राहत. फी कोण भरणार आणि जेवायला कोण घालणार? फीच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिले गेलेत. नादाऱ्या, शिष्यवृत्त्या, देणगीदार, सगळ्यांची नावं संगमरवरावर कोरलेली आहेत. जेवणाचा इतिहास मात्र कोठीच्या वह्यांतच पडून राहिला, आणि त्या वह्यांना बहुतेक ठिकाणी वाळवी लागली.

मी अशाच वह्या लिहिणारा माणूस. कोरेगाव तालुक्यातल्या एका वसतिगृहात अधीक्षक म्हणून माझी उभी नोकरी झाली. आठवी ते बारावीची ऐंशी-पंच्याऐंशी पोरं आणि कोठीच्या किल्ल्या माझ्या कमरेला. हे वय मोठं अडचणीचं. जूनमध्ये आलेलं पोर दिवाळीला घरी जातं तेव्हा त्याची विजार घोट्याच्या वर गेलेली असते. ही उंची हवेवर वाढत नाही, तिला प्रथिन लागतं. आणि शिध्याच्या यादीत प्रथिनाचा जिन्नसच सगळ्यात महाग. म्हणून पैशाची चणचण आली की आचारी न सांगता काय करतो? भात दोन मापं जास्त टाकतो आणि आमटीत एक घागर पाणी ओततो. पोरांची पोटं भरतात, कुणी ओरडत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत परगावच्या पोरांना पोसायच्या ज्या खटपटी आपल्याकडे झाल्या, त्या सगळ्या या एका घागरीशी झगडत आल्या आहेत, असं माझं म्हणणं आहे.

बोर्डिंगं निघण्याआधी पुण्यात नि इतर मोठ्या गावांत गरीब ब्राह्मणाच्या मुलाला वार लावून जेवायची सोय असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नाहीतर झोळी घेऊन माधुकरी. ताटात काय पडायचं ते त्या घरच्या ऐपतीवर आणि वाढणारीच्या मनावर. एका घरी वरणावर तुपाची धार, दुसऱ्या घरी सकाळचा भात नि ताकाचं पाणी. बाकीच्या जातींच्या पोरांना तर वारही मिळत नव्हता. त्यांचं शिक्षण गावच्या वेशीशी संपायचं, आणि त्याचं कारण पुष्कळदा बुद्धी किंवा फी नसून भाकरीच असायची.

कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य ठरवलेल्या समाजांची, अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. शिक्षणाच्या इतिहासात याला मोठं स्थान आहे, पण कोठीवाल्याच्या नजरेला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पोराचं जेवण पहिल्यांदाच कुणाच्या घरच्या मर्जीवरून निघून हिशेबाच्या वहीत आलं. इतकी पोरं, इतकी ज्वारी, इतकी डाळ. दानात माप नसतं, शिध्यात असतं.

कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगातच राहत होते. पुढे त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हातून त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ही गोष्ट आमच्याकडे शाळेतलं शेंबडं पोरही सांगेल. भाषणांत तिथे टाळ्या पडतात. मला मात्र दर वेळी वाटतं की वाण्याची उधारी थकली, पुढचा शिधा मिळेना, म्हणून ते सोनं गेलं. वसतिगृह चालवणाऱ्याला ती रात्र नीट कळते. दागिने एकदाच मोडता येतात, म्हणून भाऊरावांनी मुष्टिफंडाची रीत लावली. गावोगावच्या बाया दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढत, आणि ते बोर्डिंगच्या कोठीत येई. पोरं स्वतः दळत, पाणी भरत, शेतात राबत. 'कमवा आणि शिका' ही योजना पुढे नावारूपाला आली, तिचा पाया असा कोठीत आहे.

त्या काळी आमच्या भागातल्या कोठीत काय असे? ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी, पावटा, घेवडा, हरभरा, थोडी तूर, भुईमुगाच्या शेंगा. हे सगळं शेतातही जवळजवळच उगवायचं. बाजरीच्या रानात तुरीच्या, मटकीच्या ओळी असत, ज्वारी निघाली की हरभरा. आताचं शास्त्र सांगतं की धान्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो, डाळींत तो भरपूर असतो, आणि डाळीत जे उणं असतं ते धान्य भरून काढतं. विटा एकाकडे नि चुना दुसऱ्याकडे असं ते आहे, भिंत दोघं एकत्र आल्यावरच उभी राहते. भाकरी आणि आमटी एका ताटात वाढणाऱ्याला लायसिन माहीत नव्हतं. रानातच दोन्ही शेजारी होती, चुलीवरही शेजारी आली.

तिकडे निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचा लष्करी डॉक्टर १९२०च्या दशकात उंदरांवर प्रयोग करत होता. हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांतली माणसं जे खातात तेच त्याने उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना घातलं आणि त्यांची वाढ मोजली. गहू, दूध, डाळ, भाजी खाणाऱ्या शिखांच्या आहारावरचे उंदीर सगळ्यात धष्टपुष्ट निघाले. मग पठाणी आहार आणि तिसऱ्या जागी मराठी आहार. भाताचा भरणा असलेले बंगाली आणि मद्रासी आहार तळाला गेले. आमच्या ज्वारी-डाळीला उंदरांनी बरे गुण दिले म्हणायचे. त्याच प्रयोगशाळेतून वॉलेस ॲक्रॉइड यांनी १९३७ साली हेल्थ बुलेटिन क्रमांक २३ ही पुस्तिका काढली. त्यात भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्यं कोष्टकात मांडली होती. पुढे हैदराबादला गेलेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची कोष्टकं याच परंपरेतली. ती माझ्या टेबलाच्या खणात कायम असत.

त्या कोष्टकांनी मला एक गोष्ट शिकवली आणि तिच्यावर मी नोकरी काढली. तूर असो, हुलगा असो, मटकी असो की मसूर, शंभर ग्रॅममागे प्रथिन वीस ते पंचवीस ग्रॅमच. शेंगदाण्यातही तेवढंच. बाजारात मात्र तूर महाग आणि हुलगा स्वस्त. म्हणजे तुरीला आपण जे जास्तीचे पैसे मोजतो ते चवीचे, सवयीचे आणि प्रतिष्ठेचे. प्रथिन दोन्हीकडे सारखंच.

पण प्रतिष्ठेशी भांडण सोपं नाही. गांधीजींनाही ते जमलं नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले, 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. बडोदा संस्थानात एफ. एस. काळे यांनी सोयाबीनची लागवड, आहारातलं मोल आणि पाककृती यांवर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ लिहिला, तो १९३६ साली बडोद्याच्या सरकारी छापखान्यात छापला गेला. प्रथिन इतर डाळींच्या दीडपटीहून जास्त, गरिबाला याहून स्वस्त काय मिळणार, असा सगळा सूर. पण सोयाबीन डाळीसारखं पटकन शिजत नाही, त्याला एक उग्र वास असतो, आणि नीट शिजवलं नाही तर त्यातलाच एक घटक प्रथिनाच्या पचनाला आड येतो. आपल्या बायांनी ते चाखून बाजूला ठेवलं. पुढे पन्नासेक वर्षांनी विदर्भ-मराठवाड्यातली शिवारं सोयाबीनने भरली, ती मात्र तेलासाठी. तेल काढल्यावर उरणारी पेंड, म्हणजे सगळं प्रथिन, कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशी जाऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर पोषणाचा प्रश्न पुडीबंद करून सोडवायची लाट आली. म्हैसूरला १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था निघाली. तिथे तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ पंच्याहत्तर भाग आणि हरभऱ्याचं पंचवीस भाग घेऊन, जीवनसत्त्वं घालून एक भुकटी तयार झाली. कल्पना चांगली होती, ज्या पेंडीवर बैल पोसायचे तिच्यावर मुलं पोसायची. तिला दोन गोष्टी नडल्या. लोकांना भुकटी खायची नव्हती, आणि १९६० साली इंग्लंडात टर्की पक्षी हजारोंनी मेले तेव्हा उघड झालं की ओलसर साठवलेल्या शेंगदाण्यावर येणारी बुरशी विषारी असते. ही दुसरी गोष्ट प्रत्येक कोठीवाल्याने लक्षात ठेवावी अशी. दाणे घेताना कमी भावाचं पोतं कधी घेऊ नये. सुरकुतलेला, काळपट, चवीला कडवट दाणा वेचून फेकायचा, आणि पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवायचं.

१९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी अहवाल काढला की जगावर प्रथिनांचं संकट येतंय. त्या गदारोळात वेगळा सूर लावणारा माणूस आमच्या जिल्ह्यातला निघाला, खटाव तालुक्यातल्या बुधचा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११. रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते, नंतर पुण्यात स्थायिक झाले. त्यांनी आकडेवारी उलटीपालटी करून दाखवली की धान्य-डाळीचा साधा आहार जो पोटभर खातो, त्याला प्रथिनही बहुधा पुरतं. ज्याला प्रथिन कमी पडतं तो मुळात उपाशी असतो. अन्नच तोकडं असलं की शरीर प्रथिन वाढीसाठी न वापरता सरपणासारखं जाळतं. तेव्हा महागड्या भुकट्यांआधी भाकरी द्या. १९७४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मॅकलॅरन या डॉक्टरांनी तर प्रथिनाच्या साऱ्या मोहिमेलाच फज्जा म्हटलं.

सुखात्म्यांचा हा पहिला धडा मी माझ्या कोठीत कोळून प्यायलो. चौथी भाकरी मागणाऱ्या पोराला आमच्याकडे कधी नाही म्हटलं जात नसे. त्यांचा पुढचा विचार मात्र मला पटला नाही. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, या त्यांच्या मांडणीतून काहींनी लहान चणीची माणसंही निरोगीच असतात, असा अर्थ काढला. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी त्याला कडाडून विरोध केला. मी शास्त्रज्ञ नाही, पण पातळ आमटीवर दोन वर्षं काढून आलेली पोरं मी पाहिली आहेत. जुळवून घेतात, हे खरं. बाकावर शांत बसून जुळवून घेतात.

१९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मी स्वतः बारा वर्षांचा होतो. रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची लालसर ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला घरोघर नाकं मुरडली जात. दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीसाठी मात्र पोरांची मारामारी व्हायची. भाजलेलं पीठ, गोडवा, स्निग्धांश, वर प्रथिनाची भर. नीट पाहिलं तर तज्ज्ञांनी बनवलेली ती पौष्टिक भुकटीच होती. फरक एवढाच की तिला घरच्या खमंग पदार्थाची चव होती आणि मुठीत घेऊन खाता येत होती. दहा वर्षांत पुड्यांना जे जमलं नाही ते चवीने एका उन्हाळ्यात केलं.

त्याच सुमाराला ताटातून दोन गोष्टी हळूहळू निसटत होत्या. पहिली ताक. कोल्हापूरचा दूध संघ १९६३ सालचा, देशभरची दूध महापूर योजना १९७० पासूनची. गावात डेअरी आली, दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी हातात पडू लागले, घरं सावरली. पण दूध किटलीतून निघून गेलं की घुसळायला काय उरणार? पूर्वी ताक विकणं कमीपणाचं मानत, शेजारणीने तांब्या आणला की भरून द्यायचा. ते फुकटचं प्रथिन संपलं. दुसरी गोष्ट डाळ. गव्हा-तांदळाला पाणी, बियाणं, खत, हमखास खरेदी मिळाली. डाळी राहिल्या माळरानावर. देशात दरडोई दर दिवशी १९६१ साली ६९ ग्रॅम डाळ उपलब्ध होती, २००१ साली ती ३० ग्रॅमवर आली. रेशनचा तांदूळ स्वस्त, आमटीची डाळ महाग. ती घागर आता देशभर ओतली जात होती.

आमच्या कोठीत त्या घागरीवर पहारा द्यायला आक्का होत्या. त्या आमच्या आचारीण. चौथी शिकलेल्या, पण ओगराळ्याचा हिशेब माझ्या वहीपेक्षा पक्का. पंगतीत पहिल्या ओळीला वरचं पाणी आणि शेवटच्या ओळीला तळाची डाळ मिळते, हे त्यांना ठाऊक होतं. थोराड पोरं मुद्दाम शेवटी बसत. आक्कांनी डाळ रवीने इतकी घोटायला सुरुवात केली की तळ नि वर एकच. मग त्यात भाजून भरडलेल्या दाण्याचं कूट, दर पोरामागे एक मूठ. आमटी दाटही होई आणि प्रथिनही वाढे. सकाळी मोड आलेली मटकी किंवा उकडलेला हरभरा. मोडांनी प्रथिन वाढत नाही, पण पचायला सोपं जातं, शिवाय मापभर कडधान्य दोन मापांचं दिसतं आणि पोरं खूश. उन्हाळ्यात डाळीचे सांडगे घालून ठेवायचे, भाजी महागली की ते कामी येत. आठवड्यातून दोनदा पिठलं. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात टाकून दोनदा पिळायच्या, मगच कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात. न पिळता टाकल्या तर अख्खी बादली परत येते. बुधवारी अंडं, न खाणाऱ्याला केळं नि दाण्याचा लाडू. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिन, तीस ग्रॅम शेंगदाण्यातही तेवढंच. तेव्हा लाडू घेणाऱ्याचं नुकसान नव्हतं.

२०१५ साली तूरडाळ किलोमागे दोनशेच्या घरात गेली. आमचं अनुदान होतं तेवढंच, तेही कधी दिवाळीचं होळीला. तूर सणावारापुरती ठेवून आम्ही हुलगा, मसूर आणि वाटाण्याच्या डाळीवर गेलो. हुलग्याचं माडगं, हुलग्याची आमटी, शेंगुळ्या. एका पालकाने येऊन मला सुनावलं, "सर, पोराला घोड्याची चंदी घालताय व्हय?" मी त्यांना कोष्टक दाखवलं नाही. आक्कांनी त्यांना पंगतीत बसवलं आणि शेंगुळ्या वाढल्या. दोनदा मागून घेतल्या त्यांनी, आणि जाताना फक्त तिखट जरा कमी करा म्हणाले.

आता हिशेब मांडतो, कारण कोठीवाल्याच्या इतिहासाला बेरीज हवीच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे दहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम प्रथिन लागतं, तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला ४५, सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला ५५. मुलींना अनुक्रमे ३३, ४३ आणि ४६. मोठ्या पोराच्या दिवसभराच्या तीन भाकरी म्हणजे तीनशे ग्रॅम ज्वारी, त्यातून तीस ग्रॅम. साठ ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, त्यातून तेरा. मूठभर शेंगदाणे, सात. पन्नास झाले. वर एक अंडं किंवा दोन पेले ताक-दूध. पुरलं. यात प्रथिनाच्या भुकटीचा हजार-दोन हजारांचा डबा कुठेच नाही. ज्वारीच्या जागी तेवढाच तांदूळ घेतला तर सहा ग्रॅम घटतात, आणि डाळ निम्मी केली तर आणखी सहा-सात. पोट तेव्हाही भरलेलंच असतं.

शाळेतल्या दुपारच्या जेवणाची राष्ट्रीय योजना १९९५ साली आली. सुरुवातीला पोरं महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीतून घरी न्यायची. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली आदेश दिला तेव्हा शिजवलेलं अन्न मिळू लागलं. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज ३० ग्रॅम डाळ आणि २० ग्रॅम प्रथिन, असं माप योजनेत लिहिलेलं आहे. मुष्टिफंडापासून सुरू झालेली गोष्ट अशी सरकारी निकषापर्यंत पोहोचली, याचा मला आनंद आहे. पण हे माप आठवीला थांबतं. वरचे आकडे पुन्हा पाहा. गरज जिथे ३२ वरून ४५ आणि मग ५५ वर चढते, नेमकी तिथे योजना संपते. नववीच्या पोराला पुन्हा घरच्या ऐपतीवर आणि वाढणारीच्या मनावर सोडलं जातं, म्हणजे वार लावून जेवायच्या काळात.

म्हणून वसतिगृहात मूल ठेवणाऱ्या आईबापांना मी एकच सांगतो. खोल्या, पंखे, अभ्यासिका बघून झाल्या की कोठीवाल्याला विचारा, दर मुलामागे रोज कोरडी डाळ किती मोजता? ज्याला ग्रॅममध्ये उत्तर देता येतं त्याच्याकडे पोराला खुशाल ठेवा. "भरपूर घालतो की" असं म्हणाला, तर घागर कुठे ठेवलीय तेवढं बघून या.